नोबेलवालं इंजेक्शन आणि आमचे नाना

रविवारी ओझरला नानांकडे गेले होते. नाना म्हणजे माझे चुलते, द्राक्षवाले, उन्हाळ्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि आता किमो चालूय. चहा यायच्या आधीच मोबाईल पुढे केला, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, नोबेल मिळालेल्या मायक्रोआरएनएने कॅन्सरची वाढ थांबते म्हणे. "पोरी तू हेच शिकलीस ना, मग हे इंजेक्शन नाशकात मिळतं का मुंबईला जावं लागंल?"

आता काय सांगणार. फॉरवर्ड सगळा खोटा नव्हता हीच पंचाईत. डीएनएवरून निरोपाची एक कॉपी निघते, त्या कॉपीवरून प्रोटीन बनतं, आणि मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा बारका तुकडा, तो त्या कॉपीला जाऊन चिकटतो आणि प्रोटीन बनणं कमी करतो, कधी कधी कॉपीच नष्ट होते. नाना लगेच म्हणाले, "म्हणजे शेंडा खुडल्यासारखं." हो, तसंच काहीसं. १९९३ मध्ये अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकुन या दोघांना एक मिलिमीटरच्या अळीत हे सापडलं, तेव्हा लोकांना वाटलं असेल अळीचं काहीतरी, २००० मध्ये दुसरा एक सापडला जो माणसातही निघाला तेव्हा सगळे जागे झाले, नोबेल २०२४ ला.

आतड्याचं म्हणाल तर २००३ मध्ये दिसलं की गाठीत एमआयआर-१४३ आणि १४५ हे दोन मायक्रोआरएनए कमी झालेले असतात. प्लेटमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींना १४३ परत दिला की केरास नावाचं वाढीला रेटा देणारं प्रोटीन कमी होतं आणि पेशी मंदावतात. हे मी एमएससीच्या प्रोजेक्टला स्वतः केलंय. ९६ खळग्यांची प्लेट, वरून एमटीटी नावाच्या रंगाचं पिवळं पाणी, तीनचार तास थांबायचं, जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. साध्या पेशींचे खळगे शरद सीडलेस द्राक्षासारखे गडद आणि मायक्रोआरएनए दिलेले फिकट, मी तर प्लेट खिडकीशी धरून नाचायचीच बाकी होते. फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, नानांना दाखवला.

पण मग पुढचंही सांगावं लागलं. २०१४ मध्ये उंदरांवरच्या कामात निघालं की १४३ आणि १४५ आतड्याच्या अस्तरात जवळपास नसतातच, ते असतात भोवतीच्या स्नायूत वगैरे, आणि कॅन्सर तर अस्तरातून उगवतो. म्हणजे द्राक्ष आणि बांधावरचं गवत एकत्र मिक्सरला लावलं आणि गवत कमी निघालं म्हणून द्राक्षाला रोग झाला म्हणालो, असं! गाठीत स्नायू कमी असतो, म्हणून आकडा कमी येऊ शकतो. माझी प्लेट खोटी नव्हती, पेशी खरंच मंदावल्या होत्या, पण ज्या पेशीत जे मुळात नसतं ते बाहेरून ओतून दाखवलं होतं, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हे मला कुणीच विचारलं नाही (मलाही माहीत नव्हतं तेव्हा, खोटं कशाला बोलू).

दुसरा एक आहे, एमआयआर-३४, त्याची केस जास्त दमदार कारण पी-५३ नावाचा पेशीचा पहारेकरीच त्याला कामाला लावतो. त्याचं औषध माणसांपर्यंत पोचलंही, चरबीच्या बारीक थेंबात भरून शिरेतून द्यायचं, पण पेशंटना इम्यून सिस्टीमचे गंभीर त्रास झाले आणि २०१६ मध्ये ट्रायल बंद केली. प्लेटमध्ये इम्यून सिस्टीम नसते ना, तिथे सगळंच गोड.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "औषध चांगलं, पण फवारायचं कसं तेच जमत न्हाई, असं ना?" मी प्रोजेक्टच्या रिपोर्टची ४० पानं लिहिली होती, त्यात हे वाक्य नव्हतं.

फॉरवर्ड त्यांनी डिलीट केला नाही. किमोची पुढची तारीख नेमकी गोडी छाटणीच्या आठवड्यात येतेय, डॉक्टरांना दोन दिवस मागेपुढे होईल का विचार म्हणाले, आणि ते विचारायचं काम आता माझ्याकडे आहे.