“याला पुरावा कशाला, सर?”

“बंदरावर कुणालाही विचारा, सर. पुरावा कशाला?”

एस.वाय.च्या निबंधातलं वाक्य: ‘पर्ससीनमुळे बांगडा संपला.’ पर्ससीन म्हणजे माशांचा थवा घेरून खालून आवळायचं मोठं जाळं. लिहिणारा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा, घरची होडी. म्हणणं खोटं असेलच असं नाही. पण त्या तीन शब्दांत दावे दोन आहेत. बांगडा घटला, आणि तो पर्ससीनमुळेच घटला.

पहिल्यासाठी सीएमएफआरआयचे (केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे) राज्यवार वार्षिक आकडे मिळतात. पोरं फसतात ती इथेच! ते आकडे बंदरात उतरलेल्या मासळीचे, समुद्रातल्या नव्हेत. बोटी वाढल्या, लांब जाऊ लागल्या, तर समुद्रातला मासा कमी होऊनही आकडा चढतो. म्हणून एका फेरीला किती मिळालं ते बघायचं.

दुसरा दावा जास्त चिवट. ट्रॉलर, एलईडी दिव्यांवरची मासेमारी, पाण्याचं तापमान... यातून एकटं पर्ससीन वेगळं काढायचं कसं? 2016 साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले; त्याच्या आधीची-नंतरची तुलना करता येईल, पण निर्बंध खरंच पाळले गेले का, हे आधी तपासून.

आणि बंदरावरच्या म्हाताऱ्याची साक्षही चालते की. फक्त कुठलं बंदर, कुठलं जाळं, कुठली वर्षं, हे लिहा. ‘सगळे म्हणतात’ला गुण कुठून देऊ?

बाकी, दहावी-बारावीपर्यंत त्याच्याकडे पुरावा मागितला तरी होता का कुणी?