दोन पेग आणि एक ट्विटर

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

ट्विटर आज लागला एकदाचा. स्पीकरचा हो, बारीक-तीक्ष्ण आवाज काढणारा छोटा भोंगा, ते दुसरं नाही. गेल्या शनिवारी मीच जाळला होता आणि जाळला तेव्हा कळलंसुद्धा नाही, उलट आज काय भारी वाजतंय असं वाटत होतं. सकाळी चहा घेताना तीच रेकॉर्ड लावली तर उजवीकडचा तानपुरा गोधडीत गुंडाळल्यासारखा, जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, गायब. बायको म्हणाली, "अरे काल काचा थरथरत होत्या, खालचे काका दोनदा येऊन गेले, दार तूच उघडलंस." मला एकदाच आठवतंय.

तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने कॉइल काढून दाखवली. केसासारखी तार, काळी ठिक्कर. "ॲम्प्लिफायर केवढ्याचा?" मी म्हटलं ३० वॉट, तर हसला. स्पीकरवर १०० छापलंय म्हणून मी निर्धास्त होतो, पण लहान ॲम्प ताणला की सिग्नलची डोकी सपाट कापली जातात, त्यातनं गाण्यात नसलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि त्या सगळ्या बिचाऱ्या ट्विटरच्या गळ्यात पडतात. त्यात आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे पॉवर दहापट. ३ वॉटवर छान चाललेलं गाणं 'जरा मोठं कर' म्हणलं की ३० वॉट संपलेच.

आणि जरा मोठं कर हे रममधनंच येतं. दारूने ऐकू येणं थोडा वेळ बोथट होतं, तेही जास्त करून खालच्या फ्रिक्वेन्सीत. वर मधल्या कानात एक इवलासा स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आतल्या कानाला वाचवतो, तर हा पहारेकरीपण दारूने सुस्तावतो, त्याला जागं करायला आणखी मोठा आवाज लागतो. म्हणजे बेस कमी वाटतोय, कानाला त्रास काहीच होत नाहीये, आणि मूड तर असा की जुनी रेकॉर्डसुद्धा पहिल्यांदाच ऐकतोय. हात नॉबकडे जाणार नाही तर काय. ऐकू कमी येतं आणि आवडतं जास्त, असला प्रकार.

केबलचं लिहायला तर लाज वाटते. अशाच एका रात्री नवी स्पीकर केबल लावली आणि मित्राला फोन करून पडदा उठलाय पडदा वगैरे बडबडलो. पुढच्या रविवारी सकाळी बायकोला मागे बसवून न सांगता केबल बदलायला लावल्या. १० पैकी ५ बरोबर. तिने कागद पुढे केला आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

भांगेची गोष्ट मात्र निराळी आहे, तिला मी हसू शकत नाही. बनारसला तिथल्या सरकारमान्य दुकानातली गोळी घेतली होती, तासभर काहीच होईना म्हणून फसलो असं समजून लॉजवर येऊन पडलो (पोटातनं घेतली की उशिराच चढते, आणि म्हणूनच लोक वैतागून दुसरी घेतात आणि मग रात्रभर रडतात, मी वाचलो), कानात सातशे रुपयांचा हेडफोन आणि मोबाईलवर मालकंस. विलंबित एकताल, बारा मात्रा. ठेका चाललाय, चाललाय, एकेक बोल वेगळा उचलून बघावा असा, डग्ग्याची घुमक संपेपर्यंत मी आत कुठेतरी जाऊन येत होतो, आणि सम, म्हणजे ठेका फिरून येतो ती पहिली मात्रा, काही येईना. मला खरंच वाटलं बुवा विसरले. मग आली. डोळ्यांत पाणी आलं.

परतीच्या गाडीत तेच आवर्तन, समेपासून समेपर्यंत, मोबाईलवर मोजलं. ५२ सेकंद. त्या रात्री पाच मिनिटांच्या खाली नव्हतं. अर्थात दोन आवर्तनांपूर्वी बुवांनी काय केलं होतं ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, राग कसा फुलवत नेलाय ती बढत वगैरे काही कळत नव्हती, नुसती समोरची मात्रा दिसत होती. पण तसली सम नंतर ह्या एवढ्या सगळ्या डबड्यांवर एकदाही आली नाही, हे पण खरंय. पुन्हा गोळी घेतली नाही. का ते माहीत नाही, भीतीच असेल.

कॉफी पिऊन ऐकलं तर फक्त रेकॉर्डवरची खरखर ऐकू येते.

तर आता उजवा ट्विटर नवा, डावा जुना. दुपारी ऐकलं तेव्हा उजवा जरा टोचत होता, आता दोघे सारखेच वाटतायत, दोन पेग झालेत. बायकोने झोपायला जाण्याआधी स्वतःची टिकली काढून नॉबच्या कडेला चिकटवलीय, घड्याळात अकरा असतात तिथे, त्याच्या पुढे न्यायचं नाही म्हणून. नॉब बरोबर टिकलीवर आहे. आवाज कमी वाटतोय.