वीस सेकंद 'बिझी'

जेमिनिड्स या डिसेंबरातल्या उल्कावर्षावाच्या रात्रीतला सव्वा तास मी कॅमेऱ्याच्या मेनूत घालवला. चूक माझीच, पण राग अजून कॅमेऱ्यावरच आहे.

जागेचं काही अडलं नाही. प्रकाश-प्रदूषणाच्या नकाशावर काळा दिसणारा भाग निवडला, दिवसाउजेडी एकदा जाऊन आलो. १४ डिसेंबरची पहाट, चंद्र मावळलेला, मिथुन रास चांगली वर आलेली. १४ मिमीची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, २० सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं. रिमोटला सांगितलं, दर २२ सेकंदांनी एक फोटो.

पहिला फोटो झाला आणि कॅमेरा गप्प. स्क्रीनवर 'बिझी', बाजूला लाल दिवा. वाटलं, कार्ड संथ असेल. गारठलेल्या बोटांनी कार्ड बदललं, जुनं गवतात पडलं, ते चाचपडत शोधलं. तेच. बॅटरी बदलली. तेच. रिमोटची वायर काढून पुन्हा खोचली. तासाभरात दीडशेच्या वर फोटो व्हायला हवे होते, झाले ऐंशीच्या आसपास. तेवढ्यात शेजारी चटईवर पडलेला मित्र ओरडला, "अरे, बघ बघ!" मी मान वर करेपर्यंत फक्त धुराची पुसट रेघ उरली होती. कॅमेरा? बिझी.

मग चिडून सेकंद मोजले. बरोबर वीस. पुढच्या वेळीही वीस. तेव्हा ट्यूब पेटली: 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू होतं. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून आणखी एक काळा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करतो. म्हणजे माझं निम्मं आकाश वजाबाकीत गेलं! हे आधी घरीच बंद करा. काळे फोटो शेवटी लेन्सला झाकण लावून, त्याच सेटिंगवर चार-पाच घेतले की काम भागतं.

हो, फोकस राहिलाच. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. व्याध स्क्रीनवर मोठा करून बघा, अगदी बारीक टिंब झाला की रिंगला चिकटपट्टी. आणि कॅमेरा थेट उगमबिंदूवर, म्हणजे मिथुन राशीतल्या ज्या जागेतून उल्का निघाल्यासारख्या दिसतात तिथे, रोखू नका, तिथल्या रेघा आखूड येतात. थोडं बाजूला धरा. मोबाइल खिशातच ठेवा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका नोटिफिकेशनने सगळं पाण्यात. पुस्तकातला 'ताशी १२० उल्का' हा आकडा उगमबिंदू थेट डोक्यावर आणि आकाश अगदी निर्मळ असेल तेव्हाचा आहे, तेवढ्या दिसल्या नाहीत म्हणून खट्टू होऊ नका.

साडेतीनला लेन्सवर दव धरलं. हात शेकायची पुडी रबर बँडने लेन्सभोवती बांधली, पंधरा मिनिटांत काच निवळली. ते नशीबच, पुडी मी स्वतःसाठी आणली होती.

एकूण अकरा उल्का टिपल्या गेल्या. मित्राच्या त्या उल्केची गोष्ट मात्र तो भेटेल त्याला सांगतो, आणि दर वेळी ती थोडी मोठी होते.