गाणी जुनीच, मग अल्बम इतका खपला कसा?

मॅडोनाच्या ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’बद्दल हा प्रश्न हमखास येतो. १७ पैकी १५ गाणी आधीच गाजून गेलेली, तरी जगभर तीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा फोड करून.

आधी मुहूर्त बघा. अल्बम आला नोव्हेंबर १९९० मध्ये, नाताळच्या खरेदीच्या तोंडावर. लोक तेव्हा रेकॉर्ड आणि कॅसेटी सोडून सीडीकडे वळत होते. पाच-सहा जुने अल्बम पुन्हा विकत घेण्यापेक्षा ही एक सीडी परवडायची. शिवाय ‘इन्टू द ग्रूव्ह’ हे तिचं तुफान गाजलेलं गाणं अमेरिकेत तिच्या कुठल्याही स्टुडिओ अल्बमवर नव्हतंच.

उरलेली दोन गाणी नवी होती, आणि खरी मेख तिथेच आहे. ज्याच्याकडे सगळं आहे त्यालाही खिशात हात घालायला लावायचा, तर नवं काहीतरी हवंच. त्यातल्या ‘जस्टिफाय माय लव्ह’चा व्हिडिओ एमटीव्ही या संगीतवाहिनीने दाखवायला नकार दिला, कंपनीने तोच व्हिडिओ कॅसेटवर विकायला काढला. फुकटची जाहिरात याहून चांगली कुठली? गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. अल्बम मात्र तिथे दुसऱ्यावरच अडला. ब्रिटनमध्ये तो पहिला आला.

आता कात्री. सीडीवर तेव्हा साधारण ७४ मिनिटं मावायची आणि हा अल्बम ७३ मिनिटांच्या वर जातो. १७ गाणी बसवायची म्हणून बरीचशी छाटली: ‘हॉलिडे’ मूळ सहा मिनिटांचं, इथे चारचं. एवढं करूनही ‘हूज दॅट गर्ल’ बाहेर राहिलं, आणि तेही १९८७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं! ही निवड पटत नाही.

भरीला जुन्या गाण्यांवर क्यूसाउंड या ध्वनितंत्राची प्रक्रिया झाली. आवाज स्पीकरच्याही बाहेरून आल्यासारखा वाटावा, ही त्यामागची कल्पना. पण त्यासाठी दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसावं लागतं; बाजूला सरकलात की परिणाम विरतो.

खपाचे आकडे वाचताना एक भान ठेवा. अमेरिकेतली आरआयएए ही संस्था खपावरून मानांकन देते: प्लॅटिनम म्हणजे १० लाख, डायमंड म्हणजे एक कोटी. हा अल्बम डायमंड आहे. मोठ्या लांबीच्या दोन सीडींच्या संचात मात्र प्रत्येक सीडी वेगळी धरतात, त्यामुळे तसा संच घेणारे लोक आकड्याच्या निम्मेच असतात. २०१६ पासून स्ट्रीमिंगही धरलं जातं: गाणी १,५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम. ‘इमॅक्युलेट’ची मात्र एकच सीडी, त्यामुळे दुप्पट मोजणीचा प्रश्न नाही.

मूळ लांबीची गाणी हवी असतील तर आधीचे स्टुडिओ अल्बमच घ्या. ‘हूज दॅट गर्ल’साठी २००९ चा ‘सेलिब्रेशन’ आहे, पण दोन सीडींचा बघून घ्या.