पट ३१ चा २८ झाला आणि शाळेचे १५ हजार गेले

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका पाड्यावर आमची झेडपीची शाळा, दोन शिक्षकी, पहिली ते चौथी, मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. त्या वर्षी तीन पोरं आश्रमशाळेत गेली आणि पट २८ वर आला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या खर्चाला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं, ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार. म्हणजे तीन पोरांमागे १५ हजार गेले, आणि गळकं छप्पर, खडू, लाईट बिल सगळं होतं तेवढंच. फार वाईट वाटलं.

त्यात तिसरीच्या ७ पैकी २ च पोरं सलग वाचायची. घरी पावरी बोलतात, मराठी फक्त शाळेत, दिवाळी झाली की आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातला जातात ते होळीलाच परत येतात, मग अक्षरं पुन्हा पहिल्यापासून.

तालुक्याला चार चकरा मारल्या, काही झालं नाही. मग ग्रामसेवक भाऊंनी सांगितलं की गुरुजी, पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ५ टक्के अबंध निधी, म्हणजे गावाने ठरवून खर्चायचा पैसा, शिक्षणावर पण खर्च करता येतो, फक्त ग्रामसभेचा ठराव पाहिजे. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेतला, पत्र्याचं आणि पुस्तकांचं कोटेशन आणलं, पहिली ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब, दुसरीला मी आणि अंगणवाडी ताई घरोघरी जाऊन लोकांना घेऊन आलो.

बरेच जण रस्त्याचं म्हणत होते, आणि ते काही चूक नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून न्यावं लागतं. मी एका पोरीला उभं केलं आणि मराठीत गोष्ट वाचून दाखवली, काय कळलं विचारलं तर ती मान खाली घालून गप्प. मग ताईंनी तीच गोष्ट पावरीत सांगितली आणि पोरीने अख्खी परत सांगितली, कोल्ह्याचा आवाज काढून! तिची आजी पुढेच बसलेली, तिने पदर डोळ्याला लावला. गावचे कारभारी एवढंच म्हणाले, पावरीत शिकवाल ना गुरुजी? मी हो म्हटलं.

ठराव झाला. तुम्ही पण करणार असाल तर सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी घ्या, मी उशीर केला आणि त्यात दीड महिना गेला. पैसे यायला पाच महिने लागले, त्यातून पत्रे बदलले, पावरी-मराठी शब्दांचे तक्ते करून घेतले, गोष्टीची पुस्तकं घेतली. ती पोरगी या दिवाळीनंतर आजीजवळच राहिली, रोज एक पुस्तक घरी नेते.