ॲसेटिक ॲसिडचा पीकेए ४.६८ आला तेव्हा

पीकेए म्हणजे ॲसिड पाण्यात किती सहज हायड्रोजन आयन सोडतं याचा आकडा (त्या विघटनाच्या स्थिरांकाचा, म्हणजे केएचा, उणे लॉग). पुस्तकात ॲसेटिक ॲसिडचा पीकेए ४.७६ असतो, २५ अंशांना. मी तो काढला लातूरच्या एप्रिलमध्ये, प्रयोगशाळेत पारा चाळिशीला टेकलेला असताना. उष्णतेने हा आकडा बराच हलेल असं वाटतं, पण ४० अंशांपर्यंत जेमतेम ०.०१ चा फरक पडतो. हलतो तो पीएच मीटर. इलेक्ट्रोडचा स्लोप, म्हणजे त्याचा व्होल्टेज-बदल, पीएचच्या एका एककामागे २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट, तर ४० अंशांना ६२.१. म्हणून आधी मीटरवर द्रावणाचं खरं तापमान लावलं आणि मगच ४ व ७ च्या बफरवर मीटर जुळवला.

दुसरी अडचण पाण्याची. टँकरच्या दिवसांत डिस्टिलेशन बंद पडतं, कारण कंडेन्सरला सतत थंड पाणी लागतं. तरी बोअरचं पाणी अजिबात घेऊ नये. त्यातलं बायकार्बोनेट थोडं ॲसिड आधीच संपवतं. साठवलेलं डिस्टिल्ड पाणी मी उकळून, झाकून गार केलं, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

२५ मिली ०.१ मोलर ॲसिडचा सुरुवातीचा पीएच आला २.८८. ब्युरेटमधून साधारण तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड आधी एकेक मिली, शेवटाजवळ ०.१ मिली. पीएचची सर्वांत मोठी उडी २४.६ मिलीला, म्हणजे तिथे सगळं ॲसिड संपलं. त्याच्या निम्म्यावर, १२.३ मिलीला, निम्मं ॲसिड ॲसिटेट झालेलं असतं, म्हणून तिथला पीएच हाच पीकेए. आलेखावर तो वाचला: ४.६८.

इथे घोळ होतो. सुरुवातीच्या पीएचवरून केए निघतो १.८ × १०⁻⁵, निम्म्या बिंदूवरून २.१ × १०⁻⁵. पुस्तकाशी जुळतो म्हणून पहिला उचलावासा वाटतो. पण त्याच्या सूत्रात (हायड्रोजन आयनच्या तीव्रतेचा वर्ग भागिले ॲसिडची तीव्रता) हायड्रोजन आयनचा वर्ग आहे: मीटर ०.१ ने चुकला तर केए सुमारे ६० टक्क्यांनी चुकतो. निम्म्या बिंदूवर तीच चूक २६ टक्क्यांवर थांबते. शिवाय ॲसिडची किंवा अल्कलीची नेमकी तीव्रता माहीत असावी लागत नाही. माझा भरवसा दुसऱ्यावर.

मग ४.६८ का? निम्म्या बिंदूला द्रावणात सुमारे ०.०३३ मोलर सोडियम ॲसिटेट असतं. विरुद्ध प्रभाराचे आयन ॲसिटेटभोवती गोळा होतात आणि त्याची परिणामकारक तीव्रता सुमारे ०.८४ पट उरते. ०.८४ चा लॉग उणे ०.०८. तेवढे ४.६८ मध्ये मिळवले की ४.७६. म्हणजे रीडिंग बरोबरच होतं. पुस्तकातला आकडा अतिविरल द्रावणाचा आहे, माझा बीकरमधल्या द्रावणाचा. आकडा जुळावा म्हणून मीटर पुन्हा 'ठीक' करणारे इथेच फसतात.

कॅल्क्युलेटर २.०८९३ × १०⁻⁵ दाखवतो. पीएच दोन दशांश स्थळांपर्यंतच मोजला असल्याने वहीत २.१ × १०⁻⁵ एवढंच लिहिलं, आणि शेजारी तापमान व सोडियम ॲसिटेटची तीव्रता.