ऐरोलीच्या टेरेसवरचं गंजलेलं ३०४

जुलैचा शेवटचा रविवार होता, बाहेर धो धो पाऊस, आणि सकाळी पावणेनऊला ऐरोलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "शेठ, आत्ता येऊन जा जरा, कमिटीची मंडळी टेरेसवर थांबलीयत." आवाजावरूनच कळलं काहीतरी बिनसलंय. तसाच निघालो.

माझं वागळे इस्टेटला छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, बावीस वर्षं झाली. ग्रिल, सेफ्टी डोअर, एमएसचे (साध्या लोखंडाचे) जिने असं सगळं करत आलो आणि गेली आठ-नऊ वर्षं एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं रेलिंग पण करतो. या सोसायटीचं काम मे महिन्यात केलेलं, आत जिन्याला रेलिंग आणि वर टेरेसच्या कठड्यावर दीड फूट उंच दोन पाइपचं रेलिंग, कारण कठडा बुटका आणि पोरं वर खेळतात. बिल्डिंग खाडीच्या बाजूला आहे, म्हणून मी ३१६ ग्रेडचं स्टील सुचवलं होतं, त्यात साधारण २ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं. पण बजेट बसेना, म्हणून त्याच्या खालचं ३०४ ग्रेड ठरलं. पाइप सीपी टँकच्या बाजारातून मी स्वतः जाऊन आणलेले, बिल आहे माझ्याकडे.

वर गेलो तर सातआठ जण छत्र्या घेऊन उभे. आणि रेलिंगकडे बघितल्यावर माझ्याच पोटात गोळा आला. तांबूस ठिपके. टाचणीच्या डोक्याएवढे, कुठे दाट कुठे विरळ, आणि काही जॉइंटच्या भोवती तर अख्खी तपकिरी रिंग. तीन महिने पण झाले नव्हते.

एक गृहस्थ सरळच म्हणाले, "खाली जिन्याला चांगला माल लावलात, तिथे रोज दिसतो ना, आणि वर कोण बघतंय म्हणून २०२, हलक्या ग्रेडचं लावलंत." सेक्रेटरी मधे पडले, "अहो थांबा, त्यांना बोलू तर द्या." पण मला बोलता येईना, कारण त्यांचं म्हणणं दिसायला बरोबर होतं. खालचं चकाचक, वरचं गंजलेलं, आणि मी मात्र दोन्हीला एकाच लॉटचे पाइप वापरलेले.

खिशातून लोहचुंबक काढायला गेलो आणि परत ठेवलं. बरेच लोक चुंबकावर विश्वास ठेवतात पण ३०४ आणि २०२ दोन्ही चुंबकाला जवळपास धरत नाहीत, त्याने यातला फरक कळतच नाही. गाडीत टेस्टिंगच्या केमिकलची बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी होती, ती आणली. थेंब टाकायचा, बॅटरी लावायची, २०२ असेल तर त्यात मँगनीज भरपूर असतं म्हणून थेंब पटकन लालभडक होतो. छत्रीखाली पाइप पुसून सहा ठिकाणी टाकला, वर चार आणि खाली जिन्यात दोन. कुठेच लाल झाला नाही. सगळ्यांनी बघितलं. तरी ते गृहस्थ म्हणाले, "बाटली तुमचीच ना." आता यावर काय बोलणार, म्हटलं एक तुकडा कापून देतो, तुमच्या पसंतीच्या लॅबला पाठवा, खर्च माझा.

माल ३०४ आहे हे मला माहीतच होतं. पण मग गंज कशाचा? खाडीच्या हवेने एसएसवर चहासारखे डाग पडतात हे खरं, पण ते असे नसतात, ते फिकट पसरट असतात आणि सगळीकडे येतात. हे ठिपके एका कोपऱ्यात भरपूर आणि पुढे चालत गेलं की कमी कमी होत होते, पंधरा-वीस फुटांवर तर जवळपास बंद. म्हणजे कुठूनतरी उडालेलं काहीतरी होतं. तो दाट कोपरा जिन्याच्या केबिनशेजारचा, आणि केबिनला तिथे काचेची खिडकी आहे. मी सहज काचेवर हात फिरवला. काच खरखरीत लागली, पॉलिश पेपरसारखी. दुसरीकडची काच बघितली, गुळगुळीत.

आणि मला तो दिवस आठवला. कामाच्या शेवटच्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले होते, टाकीवर जायची जुनी एमएसची शिडी सडलीय, तेवढी काढून द्या जाता जाता. मी हो म्हटलं आणि खाली बिलाचं बोलायला गेलो. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराने, जव्हारचा आहे, कामाला एक नंबर, त्याने चार इंची ग्राइंडर घेतला आणि अर्ध्या तासात शिडी कापून मोकळा झाला. शिडी होती बरोब्बर त्या काचेसमोर, रेलिंगपासून आठ-दहा फुटांवर.

चार इंची मशीन ११,००० आरपीएमने फिरतं, म्हणजे डिस्कच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने जी ठिणगी सुटते ती लोखंडाचा तापलेला, वितळलेला कण असते. काचेवर पडली की चिकटून बसते, नखाने निघत नाही. एसएसवर पडली की तशीच रुतते. एसएसला गंज लागत नाही तो वरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर इतका पातळ की डोळ्याला दिसतच नाही. त्यात साध्या लोखंडाचा कण घुसला की पहिल्या पावसात तो कण गंजतो आणि त्याच्या आडोशाला खालचं स्टील पण हळूहळू खराब व्हायला लागतं. मे महिन्यात कोरडं होतं म्हणून कुणाला काही दिसलं नाही. मोठ्या कंपन्यांत हॉट वर्क परमिट, म्हणजे वेल्डिंग-कटिंगची परवानगी काढताना ३५ फुटांच्या आतलं सगळं हलवा नाहीतर झाका म्हणतात, तो नियम आगीसाठी आहे, पण त्या दिवशी कुणी ३५ फुटांचा विचार केला असता तर हे रेलिंगही वाचलं असतं.

हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या मनात जुळवलं आणि खरं सांगतो, एक मिनिट वाटलं की खाडीची हवा म्हणून सोडून द्यावं. केमिकलची टेस्ट माझ्या बाजूने झालेली, कुणी पुढे विचारलं नसतं. पण ती काच हाताला लागत होती. मी म्हटलं, "माल ३०४ च आहे. पण गंज आमच्यामुळे लागलाय. आमच्याच ग्राइंडरच्या ठिणग्या आहेत या."

कमिटीत एक काका होते, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपनीत आयुष्य गेलेलं, तोवर गप्प होते. ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय ते आत्ता तपासता येईल. मोरचूद आहे माझ्याकडे, झाडांसाठी आणलेलं." घरी गेले आणि एका काचेच्या ग्लासात निळं पाणी घेऊन आले, डिस्टिल्ड वॉटरमधे मोरचूद आणि त्यात अगदी थोडं बॅटरीचं अॅसिड. एका फडक्याने पाइपवर लावलं आणि सहा मिनिटं ओलं ठेवलं, घड्याळ लावून. जिथे मोकळं लोखंड असतं तिथे मोरचुदातलं तांबं येऊन बसतं, चांगल्या एसएसवर बसत नाही. सहा मिनिटांनी पाण्याने धुतलं तर त्या कोपऱ्यातल्या पाइपवर गुलाबी-तांबडे ठिपकेच ठिपके, आणि लांबच्या टोकाला पाइप कोरा. मगाचे ते गृहस्थ पण वाकून बघायला लागले. (ही टेस्ट खाण्यापिण्याच्या भांड्यांवर, टाक्यांवर करायची नाही हे काकांनी लगेच सगळ्यांना बजावलं.)

पण एक गोष्ट राहिली होती. लांबच्या टोकाला पाइप कोरा असला तरी जॉइंटभोवतीची रिंग तिथेही होती, आणि तिथे मोरचूद लावलं तर तांबडं आलं. तिथे तर ठिणग्या पोचल्याच नव्हत्या. दुपारी शेडवर आलो आणि डिस्कची गोणी ओतली जमिनीवर. एमएसच्या गेटवर घासलेले फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायच्या, पॉलिश पेपरच्या पट्ट्यांच्या चकत्या) आणि एसएसच्या वेल्डवर वापरायचे फ्लॅप डिस्क एकाच गोणीत, हाताला येईल तो लावायचा. म्हणजे वेल्ड साफ करतोय असं समजून आम्ही प्रत्येक जॉइंटवर लोखंडाची पूड घासून बसवत होतो. ही पोराची चूक नाही, गोणी माझी होती. त्याच गोणीत कटिंग व्हील पण निघाले ज्यांच्या मधल्या रिंगवर छापलेला महिना आणि वर्ष कधीच उलटून गेलेलं, रेझिनच्या डिस्कला बनवल्यापासून साधारण ३ वर्षंच देतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या गोणीत तर काय होत असेल. ते सगळे मोडून फेकले, नुसते टाकले असते तर कुणीतरी उचलून लावले असते.

दुरुस्तीला आम्हाला चार दिवस लागले, पावसाची उघडीप बघून बघून. कारखान्यात एसएस साफ करायला पिकलिंग पेस्ट लावतात पण त्यात हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं, राहत्या बिल्डिंगमधे पोरं फिरतात तिथे मला ते न्यायचंच नव्हतं. जॉइंट कोऱ्या १२० ग्रिटच्या फ्लॅप डिस्कने हलके घेतले, बाकी पाइप नवीन स्कॉचब्राइटने, आणि मग लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम सायट्रिक अॅसिड करून त्यात भिजवलेली फडकी पाइपला गुंडाळून अर्धा-अर्धा तास ठेवली, ते लोखंड खातं आणि एसएसला धक्का लावत नाही. मग भरपूर पाण्याने धुवायचं. खिडकीची काच काही केल्या सुधारत नाही, ती बदलून दिली. जुनी काच शेडवर आहे, डिस्कच्या रॅकला टेकवून ठेवलीय, पोरगा त्या दिवसापासून येताजाता तिच्यावर हात फिरवतो.

आता मशीनचं सांगतो, कारण खरा बदल तिथे केला. पहिल्यांदा मी रंगीत टेप लावल्या, लाल एमएस, निळी एसएस. पंधरा दिवसांत टेप काळ्या पडल्या आणि कुठला कुठला कळेना. मग लक्षात आलं की चार इंचीच्या डिस्कचं भोक १६ एमएम आणि पाच इंचीचं २२ एमएमच्या जरा वर. चार इंचीचा डिस्क पाच इंचीच्या फ्लँजवर, म्हणजे डिस्क बसवायच्या चकतीवर बसतच नाही. आणि पाच इंचीचा चार इंचीवर लावायला गेलं तर भोक सैल होतं आणि गार्ड आडवा येतो, आणि गार्ड काढायचा नाही हे आमच्याकडे पक्कं आहे, गार्ड काढून मोठा डिस्क लावणारे हात मी वागळेला बघितलेत, ते परत बघायचे नाहीत. म्हणून ठरवलं, चार इंची सगळे फक्त एमएसला, पाच इंची फक्त एसएसला. कुणाला लक्षात ठेवायची गरज नाही, भोकच अडवतं. मशीन वेगळं असायलाच हवं असंही त्यामुळे झालं, कारण ग्राइंडर हवा ओढतो तशी लोखंडाची पूड पण ओढतो आणि पुढच्या जाळीतून परत फेकतो, नुसता डिस्क बदलून भागत नाही.

पाच इंची घेताना स्पीड कमीजास्त करता येणारा घेतला, १४०० वॉटचा, २,८०० पासून ११,००० पर्यंत जातो. एसएस उष्णता साध्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाहून नेतं, त्यामुळे फुल स्पीडला फ्लॅप डिस्क दाबला की जागच्या जागी निळं पडतं आणि ते निळं पडलेलं पण नंतर गंजतं. दुकानदार स्लाइड स्विचचा स्वस्त देत होता, मी पॅडलवाला मागितला, हात सुटला की बंद. साइटवर टेम्पररी कनेक्शन ट्रिप होतं, पोरगं मशीन तसंच खाली ठेवून चहाला जातं आणि लाइट आली की स्लाइडवालं मशीन आपोआप जमिनीवर नाचायला लागतं, हे मी बघितलंय. एसएससाठी कटिंग व्हील १ एमएमचा घेतो, त्यावर आयनॉक्स लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात लोखंड, गंधक, क्लोरीन जवळपास नाही. त्याने कापायचंच, आडवा धरून घासायचं नाही, एवढा पातळ व्हील बाजूचा दाब सहन करत नाही, फुटतो. आणि एसएसच्या शेजारी जुनं लोखंड कापायची वेळ आलीच तर आता ग्राइंडर काढतच नाही, रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे मागेपुढे चालणारी मशीनची करवत नेतो, बायमेटल ब्लेड लावून. वेळ दुप्पट लागतो पण ठिणग्यांचा फवारा उडत नाही.

ऑक्टोबरमधे, पाऊस संपल्यावर, मी न बोलावता ऐरोलीला गेलो. काका वर आले, ग्लास घेऊनच. रेलिंग लांबून स्वच्छ दिसत होतं. बसून एकेक खांब खालून बघितला तर दोन ठिकाणी बेसच्या चकतीखाली तांबूस रेघ सापडली, तिथे फडकं पोचलं नव्हतं. चकत्या उचलल्या, साफ केलं, सायट्रिक लावलं, धुतलं. मग काकांनी त्या दोन जागी आणि पूर्वीच्या दाट कोपऱ्यात निळं पाणी लावलं आणि आम्ही दोघं कठड्याला टेकून सहा मिनिटं थांबलो, पलीकडे खाडीत भरती होती. धुतलं, काही आलं नाही. काका म्हणाले, "चला, चहा घेऊन जा." लॅबचा रिपोर्ट तेव्हाच त्यांनी दाखवला, ३०४ च होतं.